मोठं मागायची भीती वाटते तेव्हा

पत्र:

काकू, सप्रेम सलाम.

मी पुण्याजवळ मांजरीला राहते. माझे पती पाळक (पास्टर) आहेत. आम्ही दोघं मूळचे नगर जिल्ह्यातले. सहा वर्षांपूर्वी इथे सेवा सुरू केली. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल भाड्याने घेतला. सुरुवातीला चाळीस-पंचेचाळीस माणसं यायची, शब्बाथ शाळेत तीसेक मुलं असायची. आता रविवारी पंधरा-वीस जण असतात आणि मुलं सहा. नोकरीवाली कुटुंबं एकेक करून मोठ्या मंडळीत गेली. तिथे पार्किंग आहे, बँड आहे, मुलांचे वर्ग इंग्रजीत आहेत. त्यांच्यावर राग नाही, पण उपासना संपवून घरी आले की रडू कोसळतं. त्यात हॉलचा मालक म्हणतोय, करार संपला की नवा करणार नाही.

खरा घाव मागच्या वर्षीचा आहे. मंडळीतली एक ताई, दोन लहान मुलांची आई, किडनीच्या आजाराने ससून हॉस्पिटलला होती. आम्ही चाळीस दिवस साखळी प्रार्थना धरली. ती गेली. तेव्हापासून मी देवाकडे मोठं काही मागतच नाही. भाडं जमू दे, मुलाचा ताप उतरू दे, रविवारी लाईट जाऊ नये, एवढंच. पण माईक हातात आला की “प्रभू, हे सगळं शहर हलव” असं मोठमोठ्याने म्हणते आणि माझ्या आत काहीच हलत नाही. मी ढोंगी झालेय का? व्यासपीठामागे यंदाच्या वचनाचा फ्लेक्स आहे, यिर्मया ३३:३. त्याच्याकडे बघवत नाही. रात्री तीनला जाग येते ती येतेच. पतींना यातलं काही सांगितलेलं नाही, ते आधीच खचलेत. ३१ डिसेंबरच्या उपासनेत पुढच्या वर्षाच्या प्रार्थनेचे विषय सांगायचे आहेत. काय सांगू?

मला अहोजाहो करू नका, मुलीसारखी आहे.

उत्तर:

मुली, सलाम.

रात्री तीनला जाग येते हे तू जाता जाता लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. किती महिने चाललंय हे? जेवण जातंय का? अशा वेळी मंडळीतलं कोणीतरी हमखास सांगतं की प्रभू तुला मध्यस्थीसाठी उठवतोय. एखाद्याचं तसं असेलही. पण रोज त्याच वेळी जाग येणं, मग डोळा न लागणं आणि दर रविवारी घरी येऊन रडणं याला डॉक्टर लागतो. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात कर. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर जा. ससूनला तो विभाग आहे, पण त्या इमारतीची पायरी तुला आता चढवत नसेल हेही मला समजतं. मग दुसरीकडे जा. आयुष्य पाळकाच्या घरात गेलंय माझं. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला असं मानून वर्षानुवर्षं कुढणाऱ्या पाळकांच्या बायका मी पाहिल्यात. तू तसं करू नकोस.

एलीया संदेष्ट्याचं बघ. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, दुष्काळ संपून पाऊस पडला, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने तिथे त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. तो जेवला आणि परत झोपला, आणि देवदूताने त्याला झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवायला घातलं. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न आला तो होरेब डोंगराला पोचल्यावर, कितीतरी दिवसांनी.

आता तुमच्या भिंतीवरच्या फ्लेक्सकडे वळते.

मला हाक मार, मी उत्तर देईन, तुला ठाऊक नसलेल्या मोठ्या गोष्टी सांगेन, हे ते वचन. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंडळीत ते वर्षाचं वचन म्हणून निघतं, कार्डावर छापतात, फ्लेक्सवर उगवत्या सूर्याचं चित्र टाकतात. पण त्याच अध्यायाचं पहिलं वचन कोणी छापत नाही. यिर्मया संदेष्टा तेव्हा पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला होता. राजानेच त्याला अटकेत ठेवलं होतं. बाहेर बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. आत दुष्काळ आणि रोगराई. चाळीसेक वर्षं तो ओरडून सांगत आला होता आणि कोणीही ऐकलं नव्हतं. ज्या वचनाकडे तुला बघवत नाही ते तुझ्यापेक्षाही वाईट दिवसांत बसलेल्या सेवकाला दिलेलं आहे. मोठ्या हॉलमध्ये बँडसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते मिळालेलं नाही.

आणि त्याच्या मागचा अध्याय, बत्तिसावा, तो तर मी तुला दोनदा-तीनदा सावकाश वाचायला सांगेन. यिर्मया अटकेत असताना त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूचं सैन्य देशभर पसरलंय, त्या शेताला कवडीची किंमत उरलेली नाही. तरी देवाने सांगितलं म्हणून यिर्मया सतरा शेकेल रुपं तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला तो सांगतो, ही दोन्ही खतं मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. सगळा व्यवहार इतक्या बारकाईने लिहिलाय की वाटतं आपण सबरजिस्ट्रारच्या कचेरीत उभे आहोत.

हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थना करतो. सुरुवात फार मोठी आहे. तू आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तुला अवघड असं काहीच नाही. पुढे मिसरातून सुटका, चिन्हं, अद्भुतं. अगदी तुझ्या माईकवरच्या प्रार्थनेसारखी. पण शेवट बघ. शेवटी तो म्हणतो, हे बघ, नगर घ्यायला शत्रूचे मोर्चे येऊन भिडलेत, तलवार, दुष्काळ आणि मरीमुळे नगर त्यांच्या हाती गेल्यातच जमा आहे. आणि तू मला सांगतोस, पैसे देऊन शेत घे! तिथे प्रार्थना संपते. आमेन नाही, ‘तरीही मी भरवसा ठेवीन’ असं एखादं वाक्यही नाही. न उमगलेली गोष्ट तशीच देवापुढे टाकून तो गप्प होतो.

मुली, तुझ्या प्रार्थनेला हा दुसरा अर्धा भाग नाही, म्हणून तुला ती पोकळ वाटते. तू ढोंगी नाहीस. ढोंगी माणूस रात्री तीनला याचा विचार करत बसत नाही. “हे शहर हलव” एवढंच तू मोठ्याने म्हणतेस आणि “पण त्या ताईला तू का नेलंस, मुलं कुठे गेली, आम्हाला इथे कशाला आणलंस” हे गिळून टाकतेस. पुढच्या वेळी एकटी असताना दोन्ही म्हण. मोठी मागणी आणि त्यामागची तक्रार एकाच दमात. यिर्मयाला याबद्दल देवाने झिडकारलं नाही. त्याचंच वाक्य देवाने प्रश्न करून त्याला परत दिलं: मला अवघड असं काही आहे काय? आणि त्यापुढचं उत्तरही गुळमुळीत नव्हतं. नगर जळणार हे देवाने स्पष्ट सांगितलं, आणि मग हेही की याच देशात पुन्हा शेतं विकली-घेतली जातील, खतं होतील, साक्षीदार बसतील. नगर खरंच जळालं. यिर्मयाला पुढे लोकांनी मिसरात नेलं. त्याने ते शेत कधी कसलं असं पवित्र शास्त्रात कुठेही नाही. तरी देवाचा शब्द खोटा ठरला नाही. लोक परत आले, आणि परत आलेल्यांच्या यादीत अनाथोथची माणसं आहेत. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बघ.

मोठं मागायचं म्हणजे मला काय म्हणायचंय ते यात आलं. मोठी प्रार्थना आपल्या हयातीच्या पलीकडे जाऊ शकते, आणि ती करताना आपण गोंधळलेले असलो तरी चालतं.

आता त्या ताईबद्दल. ती का गेली, मला माहीत नाही. “विश्वास कमी पडला”, “कोणाच्या तरी पापामुळे साखळी तुटली” असं कोणी म्हटलं असेल तर ते मनातून काढून टाक. गेथशेमानेत स्वतः प्रभूने प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला होता?

पण एक गोष्ट विचारते. तिची ती दोन मुलं आता कोणाकडे आहेत? तुझ्या पत्रात तिचा आजार आहे, प्रार्थना आहे, मृत्यू आहे, मुलांचं पुढे काय झालं ते नाही. दुःखात राहून गेलं असेल. त्या चाळीस दिवसांत तुमच्यातली इतकी माणसं रात्री-अपरात्री तास वाटून घेऊन उठत होती. ती माणसं अजून आहेत, त्यांना एकमेकांबरोबर वाट बघायची सवय लागलीय. तीच साखळी पुन्हा धरा, या वेळी त्या मुलांसाठी. त्यांची शाळा, त्यांचा बाप सावरणं, आजी असेल तर तिची तब्येत. आणि यिर्मयासारखं काहीतरी खत करा. कोणी फीचा भार उचलेल, कोणी मुलांना आठवड्यातून एकदा जेवायला बोलावेल, कोणी अभ्यास घेईल. दोन आईवेगळी मुलं देवाच्या भयात, धडधाकट मनाने मोठी व्हावीत ही प्रार्थना शहर हलवण्यापेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही. तिला पंधरा वर्षं लागतील.

तू नगरची आहेस म्हणून आणखी एक सांगते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले. मराठी शिकले, शाळा काढल्या, नव्या कराराच्या भाषांतरावर काम केलं, गावोगाव फिरले. १८२६ साली नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने वाटेतच गेले. तेरा वर्षांत हाती लागलेलं फळ जवळजवळ काहीच नव्हतं. नगरला मिशनचं ठाणं पडलं ते १८३१ मध्ये. पुढे त्या जिल्ह्यात गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यातल्याच कुठल्या तरी मंडळीत तू आणि तुझे पती वाढला असाल. हॉल यांनी त्यातलं एकही देऊळ पाहिलं नाही.

आणि एखाद्या सोमवारी मांजरीहून दौंडची गाडी पकडून केडगावला जाऊन ये. तुझ्याच लाईनवर आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लोकांना दुष्काळातून आणलेल्या मुलींमुळे ठाऊक असतं. त्याआधीचं १८९३ साल मात्र फारसं कोणी सांगत नाही. शारदा सदन, म्हणजे त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेली शाळा, मुंबईहून पुण्यात येऊन तीनच वर्षं झाली होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गावात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या, ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशा माणसांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालक येऊन आपापल्या मुली घेऊन गेले. रिकाम्या होणाऱ्या खोल्यांमधून चालताना बाईंना काय वाटलं असेल याची मला कल्पना करवते, तुला तर जास्तच करवेल. तीन-चार वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि हीच बाई उपाशी मुली गोळा करायला तिकडे गेली. होत्या तेवढ्या सांभाळणं जड जात असताना त्यांनी शेकडो मागितल्या. पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध, म्हणून केडगावच्या उघड्या माळावर त्यांना आणलं. काही वर्षांत तिथली वस्ती हजाराच्या वर गेली. १९०५च्या सुरुवातीला प्रार्थनेसाठी रोज एकत्र बसणाऱ्या सत्तरेक जणी त्यांनी उभ्या केल्या, आणि त्याच वर्षी तिथे जे संजीवन, म्हणजे विश्वासाचं नवं जागरण, झालं त्याबद्दल जगभर लिहिलं गेलं.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती खोटी होईल. आपल्या मागे मनोरमाने काम सांभाळावं अशी त्यांची उमेद होती. एकुलती एक लेक, वयाच्या चाळिशीत १९२१च्या जुलैमध्ये गेली. आईने तिच्या जीवासाठी मागितलं नसेल? नऊ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ला रमाबाईही गेल्या. मधल्या काळातही मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं काम त्यांनी चालूच ठेवलं. ज्या बाईच्या प्रार्थनेने हजार ताटं भरली तिचीच ही प्रार्थना तशीच राहिली, आणि दोन्ही एकाच देवाकडे केलेल्या होत्या. केडगावला आजही मुली-बायकांसाठी ते काम चालू आहे. तिथे जाऊन नुसती बस. कोणाला काही शिकवायला जाऊ नकोस.

पतींना सांग. ते खचलेत म्हणून तू लपवतेस, आणि बहुधा तू मोडशील म्हणून तेही काहीतरी लपवत असतील. मात्र रविवारी रात्री हा विषय काढू नकोस. पाळकाच्या घरात रविवारी रात्री कुठलाच निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. सोमवारी किंवा मंगळवारी, मूल शाळेत गेल्यावर, चहा घेताना सांग. हे पत्रच त्यांच्या हातात दे हवं तर. मोशेसुद्धा म्हणाला होता की या सगळ्या लोकांचा भार मला एकट्याला वाहवत नाही, आणि देवाने सत्तर वडील दिले. तुमच्या पंधरा-वीस जणांत भार घेणारे दोघं-तिघं निश्चित आहेत. काही आठवडे माईक त्यांच्या हाती दे. एखाद्या म्हाताऱ्या आजीला प्रार्थना करू दे, ती अडखळली तरी चालेल. तू खाली बसून “आमेन” म्हण.

३१ डिसेंबरला काय सांगायचं? आकडा सांगू नकोस. “पुढच्या वर्षी शंभर माणसं” असं म्हटलंस तर वर्षभर तुम्ही खुर्च्याच मोजत बसाल, आणि गेलेल्या कुटुंबांबद्दल मनात कडूपणा धरून बसाल. त्यांना पार्किंग हवं होतं, मुलांना इंग्रजी हवं होतं. त्यांच्या जाण्यात देवाचा कौल शोधू नकोस. त्यांच्यासाठीही नावं घेऊन प्रार्थना करा, भेटले तर चहाला बोलवा. विषय म्हणून आधी ती दोन मुलं सांग. मग जागा सांग, पण ‘स्वतःचं मंदिर’ असं हवेत नको. मांजरी-हडपसर भागात अमुक भाड्यात, बायका-मुलांना सोयीची, शेजाऱ्यांना त्रास न होणारी जागा, असं नेमकं माग. नेमकं मागायला जास्त धीर लागतो, कारण नाही मिळालं तर ते कळतं. आणि एक विषय असा ठेव की जो तुमच्या हयातीत पुरा होणार नाही. आज शब्बाथ शाळेत सहा मुलं आहेत, त्यांच्या नातवंडांसाठी मागा. शहरासाठीही मागा, मी नको म्हणत नाही. करिंथात पौल भ्याला होता, त्याने स्वतःच पुढे लिहिलंय की मी थरथरत तुमच्यात आलो. त्या भ्यालेल्या माणसाला प्रभू रात्री म्हणाला, भिऊ नको, बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. तेव्हा ते लोक पौलाला दिसत नव्हते.

फ्लेक्स काढू नका. त्या रात्री ३३:३ वाचायच्या आधी बत्तिसावा अध्याय सोळा ते पंचवीस मोठ्याने वाचून घ्या, वाचणाराने घाई करू नये. शेवटच्या वचनानंतर दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसू दे. आपापलं न उमगलेलं ज्याने त्याने देवापुढे ठेवावं.

हॉलचं मात्र ३१ तारखेपर्यंत थांबवू नका. दोघं मिळून मालकाला भेटा आणि खरं कारण विचारा. भाडं वाढवून हवंय, रविवारच्या आवाजाची कोणी तक्रार केलीय, की त्याला जागाच विकायचीय, यावर पुढचं सगळं ठरतं. आवाजाचं असेल तर स्पीकर बंद करून, खिडक्या लावून गाणी म्हणता येतील, वेळ बदलता येईल. तो ऐकतच नसेल तर दोन-तीन महिन्यांची मुदत मागा आणि ती लेखी घ्या, तोंडी नको. अकरा महिन्यांच्या करारात अनामत परत करण्याची अट काय आहे तेही आत्ताच काढून वाचा. दरम्यान कॅम्प, हडपसर, घोरपडीकडच्या जुन्या मंडळ्यांच्या पाळकांना जाऊन भेटा, रविवारी दुपारी त्यांचा हॉल मोकळा असतो का विचारा. मागायला संकोच वाटेल. तरी मागा.